दोन आराखडे आणि एक बंद बाजार : अ‍ॅम्बेसेडर व प्रीमियर पद्मिनी यांची तुलना

भारतीय रस्त्यांच्या इतिहासात जवळपास तीन दशके अशी गेली, की मोटार घेऊ पाहणाऱ्या कुटुंबापुढे, कंपनीपुढे किंवा टॅक्सीचालकापुढे व्यवहारात दोनच पर्याय उभे असत : हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, नाहीतर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ही तिसरी गाडी बाजारात होती, परंतु या दोघींइतका तिचा पसारा कधीच वाढला नाही. या दोन गाड्यांविषयी मराठीत आणि इतर भारतीय भाषांत जे लिहिले गेले, त्यात स्मरणरंजनाचा वाटा मोठा आहे आणि यंत्र म्हणून त्यांचा विचार फारसा झालेला नाही. इंजिनाचा आकार, वजन, लांबी-रुंदी, टॉर्क, सस्पेन्शन यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून वाचले, तर असे दिसते की या दोन गाड्या म्हणजे एकाच प्रश्नाला दोन वेगवेगळ्या देशांतील अभियंत्यांनी दिलेली दोन सुसंगत उत्तरे होती. त्यांची तुलना बाजाराने दर वर्षी करून कारखानदारांना सुधारणेस भाग पाडायला हवे होते. ते काम परवान्यांच्या व्यवस्थेमुळे झाले नाही, हीच या आकड्यांमागची खरी कथा आहे.

ऑक्सफर्ड आणि तुरीन

दोन्ही गाड्यांचा जन्म परदेशातला. इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिस कारखान्यातून १९५६ मध्ये बाहेर पडलेली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीन ही अ‍ॅम्बेसेडरची मूळ गाडी होय. तिच्या आधीच्या ऑक्सफर्ड एमओ या गाडीवर, मॉरिस मायनर आणि पुढे मिनी घडविणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या विचारांचा ठसा होता, आणि टॉर्शन बारचे पुढचे सस्पेन्शन व रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग ही त्या परंपरेतील वैशिष्ट्ये सीरिज तीनमध्येही उतरली. बिर्ला समूहाने १९४२ मध्ये गुजरातेतील ओखा बंदरात सुरू केलेली हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४८ मध्ये बंगालमधील उत्तरपाडा येथे हलली होती आणि मॉरिसच्या आधीच्या गाड्या हिंदुस्तान टेन, बेबी हिंदुस्तान, लँडमास्टर अशा नावांनी बनवीत होती. त्याच साखळीत १९५७-५८ च्या सुमारास अ‍ॅम्बेसेडर आली. पहिल्या गाड्यांना जुन्या पद्धतीचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले १४७६ सीसीचे इंजिन होते; १९५९ मध्ये त्याच्या जागी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसी या कंपनीचे बी-सीरिज इंजिन बसले आणि पुढची तीन दशके तेच या गाडीची ओळख ठरले.

फियाट ११०० ची वंशावळ याहून जुनी आहे. या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन १९३७ मधल्या बालिल्ला ११०० या गाडीपर्यंत मागे जाते. इटलीतील तुरीनच्या फियाट कंपनीचे प्रमुख अभियंता दांते जाकोसा यांनी त्याच इंजिनाभोवती संपूर्ण नवा, चासिसविरहित सांगाडा रचला आणि तो १९५३ मध्ये ११००-१०३ या क्रमांकाने जगापुढे ठेवला. चासिसविरहित म्हणजे खाली वेगळी लोखंडी चौकट न ठेवता पत्र्याची कायाच भार पेलेल अशी रचना. मॉरिस ऑक्सफर्डही याच पद्धतीची होती.

फियाटला मुंबईत आणणाऱ्या कंपनीमागे सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगलोरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी या उद्योगांचा पाया घालणाऱ्या वालचंदांनी, एम. विश्वेश्वरय्या यांनी पुढाकार घेतलेल्या मोटार कारखान्याच्या योजनेसाठी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच धडपड सुरू केली होती. तत्कालीन सरकारच्या अनास्थेमुळे ती लांबली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता व डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आणि फार्गो ट्रक कुर्ल्यात जोडले जात. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ११०० ही गाडी तेथे बनू लागली. एलेगंट, सुपर सिलेक्ट आणि १९६४ मधली डिलाइट अशी तिची रूपे बदलत गेली. फियाटचा परवाना संपल्यावर ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. डिलाइटचा बाह्य आकार इटलीतील ११०० डी या मॉडेलवरून घेतलेला होता. तिकडे मात्र त्या मॉडेलला १२२१ सीसीचे मोठे इंजिन मिळाले होते, तर कुर्ल्यात जुने १०८९ सीसीचेच चालू राहिले. तुलना करताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो, कारण भारतीय पद्मिनी ही तिच्या इटालियन बहिणीपेक्षा शक्तीने कमी होती.

आकारमानाचे आकडे

अ‍ॅम्बेसेडरची लांबी ४३२५ मिलिमीटर, रुंदी सुमारे १६६० आणि उंची सुमारे १५९० मिलिमीटर. पद्मिनीची लांबी ३९३०, रुंदी सुमारे १४६० आणि उंची सुमारे १४७० मिलिमीटर. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते अ‍ॅम्बेसेडरमध्ये २४६४ आणि पद्मिनीत २३४० मिलिमीटर होते. या आकड्यांतून एक गोष्ट लक्षात येते, की लांबीत सुमारे ४०० मिलिमीटरचा फरक असला तरी व्हीलबेसमध्ये तो केवळ १२४ मिलिमीटरचा आहे. म्हणजे फियाटच्या अभियंत्यांनी बचत केली ती मुख्यतः बोनेट आणि डिकी यांच्या चाकांपुढे व मागे झुकणाऱ्या भागांत, बसणाऱ्यांच्या पायांसाठी लागणाऱ्या जागेत नव्हे. रुंदीतला २०० मिलिमीटरचा फरक मात्र प्रवाशांना थेट जाणवे. अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवर तीन प्रौढ माणसे खांद्याला खांदा न घासता बसत, पद्मिनीत तिसऱ्याला अंग चोरून बसावे लागे. उंच छतामुळे फेटा, टोपी किंवा पगडी घातलेल्या माणसाला अ‍ॅम्बेसेडरमध्ये सहज चढता-उतरता येई, ही सोय भारतीय समाजात लहान नव्हती.

वजनातला फरक याहून बोलका आहे. पद्मिनी सुमारे ८९५ किलोची, तर अ‍ॅम्बेसेडर मॉडेलपरत्वे ११०० किलोच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक. म्हणजे पद्मिनीला चार माणसे नेण्यासाठी सुमारे २०० किलो लोखंड कमी लागत होते. त्याची किंमत अंतर्गत ऐसपैसपणात मोजली गेली आणि त्याचा लाभ पेट्रोलच्या खर्चात मिळाला.

इंजिनांची अंतर्रचना

अ‍ॅम्बेसेडरच्या बी-सीरिज इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ८८.९ मिलिमीटर, गुणाकार केला की १४८९ सीसी हा आकडा मिळतो. पद्मिनीच्या इंजिनात व्यास ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, म्हणून १०८९ सीसी. दोन्ही इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असून पुशरॉड म्हणजे उभ्या सळ्यांच्या साह्याने वरचे व्हॉल्व्ह उघडले जात, आणि दोन्हींच्या क्रँकशाफ्टला तीनच मुख्य बेअरिंगांचा आधार असे. साम्य येथे संपते.

बी-सीरिजमध्ये स्ट्रोक हा व्यासाच्या जवळपास सव्वापट आहे, फियाटमध्ये तो व्यासापेक्षा केवळ एक दशांशाने जास्त आहे. लांब स्ट्रोकचा परिणाम असा, की इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असताना अ‍ॅम्बेसेडरच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ११.९ मीटर होतो, तर तितक्याच फेऱ्यांना पद्मिनीचा पिस्टन बरोबर १० मीटर वेगाने धावतो. पिस्टनचा वेग वाढला की घर्षण आणि झीज वाढते. त्यामुळे अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन जास्त फेऱ्यांना कुरकुरे आणि पद्मिनीचे तेथेच मोकळे होई. बी-सीरिजच्या हेडमध्ये आणखी एक मर्यादा होती : चार सिलिंडरांना पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरवण्यासाठी दोनच मार्ग होते आणि जळलेला वायू बाहेर टाकायला तीन, म्हणजे शेजारच्या सिलिंडरांना मार्ग वाटून घ्यावे लागत. कमी फेऱ्यांना त्याने काही बिघडत नसे. फेऱ्या वाढल्या की मात्र इंजिनाला हवेचा तुटवडा पडे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि ओतीव लोखंडाचेच हेड यांमुळे हे इंजिन जड होते, परंतु तापमानातील चढउतार आणि हलगर्जी देखभाल ते निमूट सोसत असे. फियाटने हेडसाठी अ‍ॅल्युमिनियम वापरले होते, त्यामुळे वजन वाचले व उष्णता लवकर बाहेर पडली. पाणी कमी झाल्याचे वेळीच लक्षात आले नाही, तर मात्र ते हेड वाकण्याची भीती मोठी होती.

शक्तीचे आकडे वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळात अश्वशक्ती दोन पद्धतींनी मोजली जाई. पहिल्या, म्हणजे ग्रॉस पद्धतीत इंजिन गाडीबाहेर ठेवून, पंखा व सायलेन्सर यांसारखे शक्ती खाणारे भाग काढून मोजमाप होई. दुसऱ्या, म्हणजे नेट पद्धतीत ते सर्व भाग जोडलेले असत आणि आकडा कमी येई. अ‍ॅम्बेसेडरची ५५ अश्वशक्ती हा ग्रॉस आकडा आहे. पद्मिनीच्या बाबतीत ४० पासून ४७ पर्यंत आकडे छापलेले आढळतात, ते या दोन पद्धतींतील आणि निरनिराळ्या वर्षांतील फरकामुळे. म्हणून ग्रॉसची ग्रॉसशीच तुलना केली, तर रिकाम्या अ‍ॅम्बेसेडरला एका टनामागे सुमारे ५० आणि रिकाम्या पद्मिनीला सुमारे ५२ अश्वशक्ती मिळते. चार माणसे आणि सामान मिळून ३५० किलोचा भार टाकला, की दोन्ही गाड्या ३८ च्या आकड्यावर जवळपास एकत्र येतात. भार त्याहून वाढला की पद्मिनी मागे पडू लागते, कारण हलक्या गाडीच्या वजनात त्याच भाराने प्रमाणाने अधिक वाढ होते. एकटादुकटा चालक शहरात पद्मिनीला चपळ म्हणे आणि पाच-सहा माणसे घेऊन गावाला निघालेले कुटुंब अ‍ॅम्बेसेडरला दमदार म्हणे. दोघांचेही म्हणणे गणिताने खरे ठरते.

टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, या बाबतीत अ‍ॅम्बेसेडर निर्विवाद पुढे होती. तिचा टॉर्क सुमारे १०० न्यूटन मीटर असून तो मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्यांनाच मिळत असे. पद्मिनीचा सुमारे ७० न्यूटन मीटर आणि तोही तीन हजारांच्या आसपास. भरलेल्या गाडीचे वजन धरून हिशेब केला, तर अ‍ॅम्बेसेडरला टनामागे सुमारे ६९ आणि पद्मिनीला ५६ न्यूटन मीटर मिळतात. बोरघाटाच्या जुन्या रस्त्याने खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना या फरकाचा अनुभव येई. अ‍ॅम्बेसेडर वरच्या गिअरमध्ये रेंगाळत का होईना चढत राही, पद्मिनीला खालचा गिअर टाकून इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या लागत. अशा चढावर उन्हाळ्यात पद्मिनीचा पेट्रोलपंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ होई व पुरवठा खुंटे. या व्हेपर लॉकवर चालकांचा उपाय साधा होता : गाडी कडेला घ्यायची, बोनेट उघडायचे आणि पंपावर ओले फडके गुंडाळून तो निवेपर्यंत थांबायचे.

वेग आणि पेट्रोल

वरच्या वेगात या गाड्यांमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. दोन्हींची मजल ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, गाठायला मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डला अर्ध्या मिनिटाच्या जवळपास वेळ लागे आणि फियाटही त्याच पट्ट्यात होती. कमी शक्ती असूनही पद्मिनी तोच वेग कसा गाठू शकली, याचे उत्तर हवेच्या अडथळ्यात आहे. ताशी ७०-८० किलोमीटरच्या पुढे इंजिनाची बरीचशी शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते आणि हा अडथळा गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. रुंदी व उंची यांचा ढोबळ गुणाकार केला, तर अ‍ॅम्बेसेडरचे क्षेत्रफळ सुमारे २.६४ आणि पद्मिनीचे सुमारे २.१५ चौरस मीटर येते. गोलाई सारखीच धरली तरी पद्मिनीला हवेशी सुमारे एक पंचमांशाने कमी झगडावे लागे.

पेट्रोलच्या हिशेबातही हेच कारण आणि वजन मिळून काम करी. नीट राखलेली अ‍ॅम्बेसेडर लिटरला साधारण ९ ते ११ किलोमीटर देई आणि पद्मिनी १२ ते १४. अ‍ॅम्बेसेडरची टाकी सुमारे ५४ लिटरची आणि पद्मिनीची ३८ लिटरची असल्याने एका भरणात दोघी जवळपास सारखेच, ५०० किलोमीटरच्या आगेमागे अंतर कापत. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले, तेव्हा एका लिटरमागचे हे तीन किलोमीटर टॅक्सीचालकाच्या रोजच्या कमाईत मोजले जाऊ लागले. हिंदुस्तान मोटर्सने त्यावर १९८० च्या सुमारास डिझेल इंजिनाचा मार्ग काढला व भारतात बनणाऱ्या मोटारींत डिझेल आणण्याचा मान अ‍ॅम्बेसेडरने मिळवला. पद्मिनीला डिझेल इंजिन मिळायला नव्वदीचे दशक उजाडले.

चाकांपासून हातापर्यंत

दोन्ही गाड्यांत मागच्या बाजूला अखंड अ‍ॅक्सल आणि त्याखाली पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या थरांची लीफ स्प्रिंग, अशीच रचना होती. पुढचे सस्पेन्शन वेगळे होते. अ‍ॅम्बेसेडरमध्ये स्प्रिंगचे काम गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली पोलादी सळई करी : चाक वर उचलले गेले, की ओले कापड पिळावे तशी ती सळई पिळली जाई आणि पूर्ववत होताना चाक खाली ढकली. ही टॉर्शन बार तुटण्याचे प्रसंग कमी, जागा कमी खाणारी आणि खड्ड्यांना सरावलेली. पद्मिनीत वर-खाली दोन त्रिकोणी भुजा आणि मध्ये कॉइल स्प्रिंग अशी त्या काळी अधिक आधुनिक समजली जाणारी रचना होती. तिच्यामुळे वळणावर चाक रस्त्याला नीट चिकटून राही, परंतु भुजांचे सांधे व बुश खडबडीत रस्त्यांवर लवकर झिजत. अ‍ॅम्बेसेडरला १५ इंची व पद्मिनीला १४ इंची चाके होती. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, त्यामुळे कच्च्या रस्त्यांवर अ‍ॅम्बेसेडरची चाल अधिक संथ वाटे.

स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र अपेक्षेच्या उलट चित्र आहे. जड आणि पोक्त समजल्या जाणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये रॅक-अँड-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी व तिच्यावर फिरणारे दातेरी चाक ही थेट रचना होती, जी आज बहुतेक सर्व मोटारींत आढळते. चपळ पद्मिनीत मळसूत्रासारख्या दंडावर रोलर फिरवणारी जुनी वर्म-अँड-रोलर पद्धत होती. तरीही हातात पद्मिनीच हलकी वाटे, कारण तिच्या पुढच्या चाकांवरचा भार कमी होता.

गिअर दोन्हींमध्ये चार आणि दांडा स्टिअरिंगच्या खांबाला लागून. यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी ठेवता आली आणि चालकाशेजारी दोन माणसे बसू शकली. त्याची किंमत अशी, की हाताजवळच्या दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत सळ्या, सांधे आणि बुश यांची लांब साखळी टाकावी लागली. बुश झिजले की एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना सळ्या मधेच अडकत. मग चालकाला खाली उतरून, बोनेट उघडून त्या हाताने सरळ कराव्या लागत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दोन दातेरी चाकांचा वेग आपोआप जुळवणारी व्यवस्था, दोन्ही गाड्यांत नव्हती, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याखेरीज पहिला गिअर टाकला की दात करकरत.

ब्रेक ही दोघींची सर्वांत दुबळी बाजू. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, ज्यांत गोल डब्याच्या आतल्या बाजूस लायनिंग दाबून गाडी थांबवली जाते. घाट उतरताना ते तापत आणि पकड सैल होई. अ‍ॅम्बेसेडर सुमारे एक पंचमांशाने जड असल्याने त्याच वेगाला तिला थांबवण्यासाठी तितकीच जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागे. त्या दृष्टीने पद्मिनी अधिक सुरक्षित होती. जाड पत्र्यामुळे अ‍ॅम्बेसेडर अपघातात सुरक्षित असते, हा समज लोकांत खोलवर रुजलेला होता, परंतु त्याला अभियांत्रिकीचा आधार नाही. धडक बसल्यावर पुढचा भाग ठरलेल्या पद्धतीने चेपून आघात शोषून घेणे आणि स्टिअरिंगचा खांब चालकाच्या छातीत न घुसता मोडणे, या दोन्ही गोष्टी पुढच्या काळातल्या आहेत. त्या या दोन्ही आराखड्यांत नव्हत्या.

गॅरेजमधली परीक्षा

आकड्यांच्या तक्त्यात न मावणारा एक गुण म्हणजे दुरुस्तीची सोपी वाट. बी-सीरिज इंजिनाचे टॅपेट जुळवण्याचे काम त्याचे चांगले उदाहरण आहे. टॅपेट जुळवणे म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट नीट करणे; ती या इंजिनात १५ थाऊ, म्हणजे एका इंचाचे पंधरा हजारांश, ठेवायची असते. मिस्त्री इंजिन हळूहळू हाताने फिरवतो आणि नऊचा नियम लावतो : आठ व्हॉल्व्हपैकी पहिला पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठवा जुळवायचा, तिसरा दाबलेला असेल तेव्हा सहावा, पाचवा दाबलेला असेल तेव्हा चौथा, बेरीज नेहमी नऊ. एक फीलर गेज, एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर एवढ्या साहित्यात आणि अर्ध्या तासात हे काम कोणत्याही तालुक्याच्या गावी होई. या कामाला शाळेचे शिक्षण लागत नसे आणि ते हाताखालच्या पोराला दोन दिवसांत शिकवता येई.

पद्मिनीची दुरुस्तीही अवघड नव्हती, पण ती अधिक नाजूक हात मागे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने व जोराने आवळावे लागत, आणि कार्ब्युरेटर जरा बिघडला तरी तिच्या लहान इंजिनाची चाल लगेच बदले. मुंबईत सुटे भाग हाताशी होते, कारण कारखानाच कुर्ल्यात होता; जुन्या भागांच्या बाजारांत आणि टॅक्सी अड्ड्यांभोवतीच्या गॅरेजांत पद्मिनीचे सगळे काही मिळे. समुद्राच्या खाऱ्या हवेने दोन्ही गाड्यांचे पत्रे खाल्ले, विशेषतः दारांखालचा भाग आणि पायांखालची जमीन; तिथे नवा पत्रा वेल्ड करून गाड्यांचे आयुष्य दहा-दहा वर्षांनी वाढवले जाई.

शहरांनी दिलेला निकाल

बाजारात मुक्त स्पर्धा नव्हती, तरीही वापरणाऱ्यांनी आपापला कौल दिला, आणि तो भूगोलाप्रमाणे वेगळा होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरण झाले : अरुंद गल्ल्या, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, महाग पेट्रोल आणि जवळचा कारखाना ही चारही कारणे तिच्या बाजूची होती. कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सीत अ‍ॅम्बेसेडर टिकली, कारण उत्तरपाडा तेथून हाकेच्या अंतरावर होते. सरकारी कचेऱ्यांनी आणि मंत्र्यांनी अ‍ॅम्बेसेडर निवडली. मागच्या सीटवरची ऐसपैस जागा आणि दौऱ्यावर कच्च्या रस्त्यांनी जाण्याची ताकद ही त्या निवडीची व्यावहारिक कारणे होती. पगारदार मध्यमवर्गाला फियाट झेपे. तिची किंमत साठच्या दशकात काय होती, याची सर्वांत प्रसिद्ध नोंद पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या गाडीची आहे : १९६४ ची ही फियाट १२,००० रुपयांना घेताना त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचे कर्ज काढले. ती गाडी आज दिल्लीतील त्यांच्या स्मारकात जतन केलेली आहे. देशाच्या पंतप्रधानालाही कर्ज काढून घ्यावी लागणारी वस्तू असे मोटारीचे तेव्हाचे स्थान होते.

गोठलेले आराखडे

या दोन गाड्या इतकी वर्षे जवळपास न बदलता का बनत राहिल्या, याचे कारण धोरणात आहे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने उत्पादनाची क्षमता परवान्याने बांधली. देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना थारा देऊ नये, या १९५३ मधील धोरणानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी भारतातील जोडणी बंद केली. मोटारी मोजक्याच बनत आणि मागणी त्याच्या अनेक पट असे; ग्राहक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबे, आणि हातात आलेली गाडी जुन्या बाजारात नव्याहून जास्त किमतीला जाई. १९६९ मध्ये सरकारने विक्रीकिमती ठरवून दिल्या आणि त्याविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बनवलेली प्रत्येक गाडी विकली जाणारच असेल आणि किंमतही बांधलेली असेल, तर नव्या साच्यांवर पैसा ओतण्याचे कारण कारखानदाराला उरत नाही. अ‍ॅम्बेसेडरच्या मार्क दोन, मार्क तीन, मार्क चार या आवृत्त्यांत समोरची जाळी, दिवे व डॅशबोर्ड बदलले. पद्मिनीतही बदल बहुतांशी बाह्य राहिले. तोवर मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीनचे इंग्लंडमधील उत्पादन १९५९ मध्येच थांबले होते आणि फियाटने इटलीत ११०० ची मालिका साठच्या दशकाअखेर मागे टाकून १२८ ही पुढच्या चाकांनी चालणारी गाडी आणली होती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जी तुलना तीस वर्षे झाली नव्हती ती अचानक झाली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, ४० च्या आसपास अश्वशक्ती आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, म्हणजे टनामागे ६० अश्वशक्ती : लहान इंजिनाची ही गाडी अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी दोघींनाही वेगात आणि पेट्रोलच्या काटकसरीत मागे टाकू लागली. जाकोसांनी १९५३ मध्ये हलकेपणाचा जो विचार मांडला होता, त्याचेच हे पुढचे पाऊल होते, फक्त ते कुर्ल्यात पडले नाही. हिंदुस्तान मोटर्सने नव्वदीच्या आरंभी १८१७ सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे इसुझू इंजिन व पाच गिअरची पेटी बसवून अ‍ॅम्बेसेडरला नवा जोर दिला, आणि तीच गाडी या सगळ्या मालिकेत सर्वांत वेगवान ठरली. पण सांगाडा १९५६ चाच होता. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. अ‍ॅम्बेसेडरची वार्षिक विक्री ऐंशीच्या दशकातील सुमारे २४,००० वरून अडीच हजारांच्याही खाली आली आणि मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे काम बंद पडले. तिचे नाव २०१७ मध्ये प्यूजो समूहाने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. मुंबईत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

निष्कर्ष

शुद्ध अभियांत्रिकीच्या कसोटीवर पद्मिनी ही अधिक चांगली रचना होती, असे म्हणावे लागते. अ‍ॅम्बेसेडरच्या पाचातील चार हिस्से वजनात आणि तीन चतुर्थांशांहून कमी इंजिनात तिने तोच वेग दिला, पेट्रोल वाचवले, वळणावर आणि ब्रेक लावताना चालकाला अधिक विश्वास दिला. वापराच्या कसोटीवर, म्हणजे भरलेली गाडी, कच्चा रस्ता, दूरचे गाव आणि साधा मिस्त्री या परिस्थितीत, अ‍ॅम्बेसेडर अधिक उपयोगी होती. तिचा टॉर्क, मोठी चाके, टॉर्शन बार आणि ओतीव लोखंडाचे सोशिक इंजिन यांनी तिला ती पात्रता दिली. हे दोन्ही निकाल खरे आहेत आणि एकाने दुसरा खोटा ठरत नाही.

परंतु दोन्ही कारखान्यांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन वेगळ्या मापाने केले पाहिजे. परदेशी साचे आणून संपूर्ण मोटार देशात बनवणे, ओतकाम, छपाई, गिअर कापणे ही कौशल्ये हजारो कामगारांच्या हाती देणे आणि सुट्या भागांच्या शेकडो लहान उद्योगांना उभे करणे हे त्यांचे यश मोठे आहे. नंतरच्या भारतीय मोटार उद्योगाचा पाया त्यावरच उभा राहिला. त्याच हातांना आपला स्वतःचा दुसरा आराखडा काढण्याची संधी व गरज दोन्ही मिळाली नाही. ब्रेकपासून गिअरपेटीपर्यंत प्रत्येक उणीव चालकांना आणि मिस्त्र्यांना ठाऊक होती, ती दूर करण्याची क्षमताही कारखान्यांत होती. नव्हती ती फक्त ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची मोकळीक. यंत्र सुधारते ते ग्राहकाच्या या मोकळिकीमुळे, आणि या दोन गाड्यांच्या आकड्यांनी शिकवलेला हाच धडा आज वीजगाड्यांचे धोरण आखताना भारताने सर्वांत आधी वाचला पाहिजे.